ओहोळ समोर दिसतोय, बाजूने गाडीवाट आहे, तरी ए-स्टार सरळ ओहोळातच नेतो! (आडरानातलं पाथ प्लॅनिंग)

शंकासुर (धागाकर्ता)

मंडळी, आठवडाभर डोकं आपटून झालं, आता तुम्हालाच शरण.

आम्ही तिघं मिळून एक विनाचालक चारचाकी बनवतोय. दीड मीटर लांब, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर ९० सेंटिमीटर, वर सामान ठेवायला सपाट फळी. रस्त्यावर चालवायचीच नाही. रान, गवत, दगडधोंडे, ओहोळ, हेच तिचं जग. पुढे लायडार (लेझर किरणांनी अंतर मोजणारा सेन्सर), दोन कॅमेरे, जीपीएस. ड्रोनने फोटो काढून नकाशा केला, त्याचे १ मीटरचे चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनाला खर्च दिला. मळलेली गाडीवाट ०.१, मोकळी जमीन १, ओहोळाची दरड ४. झाड किंवा मोठा धोंडा असेल तर चौकोन बंद.

सुरुवात ते शेवट सरळ रेषेत ३०० मीटर. मध्ये १० मीटर रुंदीचा ओहोळ. गाडीवाट मात्र ३५० मीटर बाजूला जाते, ओहोळ जिथे पसरट होतो तिथून पलीकडे उतरते आणि परत ३५० मीटर येते. पोरसोरही सांगेल की वाटेने जा. आमचा ए-स्टार, म्हणजे सर्वांत कमी खर्चाची वाट शोधणारी पद्धत, नाकासमोर सरळ ओहोळात. दरडीचा खर्च ४ चा ६ केला, ८ केला, तरी तेच.

ए-स्टार सोडून आरआरटी-स्टार घ्यावा का? की आणखी काही?

धुरळा

घ्याच. चौकोनांवर वाट शोधणं ही जुनी रीत झाली. आरआरटी-स्टार चौकोन न पाडता जमिनीवर कुठेही यादृच्छिक बिंदूंचे नमुने टाकत, ते जोडत जातो, वेळ द्याल तेवढी वाट सुधारत जाते.

त्रिज्या

थांबा, थांबा. औषध बदलण्याआधी दुखणं बघू. शंकासुर, तुमचा ह्युरिस्टिक, म्हणजे 'इथून पुढे किती खर्च येईल' हा अंदाज, कसा काढताय? सरळ अंतर मीटरमध्ये, बरोबर?

शंकासुर

हो. सगळीकडे तसंच दिलेलं असतं ना?

त्रिज्या

सगळीकडे सर्वांत स्वस्त चौकोनाचा खर्च १ धरलेला असतो. तुमच्याकडे तो ०.१ आहे. घोळ तिथेच आहे. कागदावर मांडते.

सरळ वाट: २९० मीटर मोकळी जमीन म्हणजे २९०, अधिक ओहोळाचे १० चौकोन गुणिले ४ म्हणजे ४०. एकूण ३३०.
गाडीवाट: ७०० मीटर गुणिले ०.१ म्हणजे ७०.

म्हणजे तुमचे खर्च चुकलेले नाहीत, गाडीवाट पाचपट स्वस्त आहे. पण ए-स्टार बघतो ती बेरीज: आतापर्यंतचा खर्च अधिक पुढचा अंदाज. गाडीवाटेच्या टोकाच्या वळणावर आतापर्यंतचा खर्च ३५ आणि तिथून मुक्काम ३५० मीटर, म्हणून अंदाज ३५०. बेरीज ३८५. इकडे सरळ वाट ३३० मध्ये मुक्कामाला पोचलीसुद्धा! ए-स्टार तिथेच थांबतो, वळणापुढचा स्वस्त भाग उघडतच नाही. दरड ६ केलीत तर सरळ वाट ३५० होते, ८ केलीत तर ३७०. तरी ३८५ च्या खालीच. म्हणून फरक पडला नाही.

अंदाज खऱ्या खर्चापेक्षा जास्त निघता कामा नये, ही अट १९६८ मध्ये हार्ट, निल्सन आणि राफाएल यांनी ए-स्टार मांडला तेव्हापासूनची आहे. सरळ अंतराला ०.१ ने गुणा. वळणावरची बेरीज ३५ अधिक ३५, म्हणजे ७० होईल आणि वाट सापडेल. फुकट नाही हं, अंदाज लुळा पडला की प्रोग्रामला जास्त चौकोन उघडावे लागतात. पण तुमचा ग्रिड फार तर काही लाख चौकोनांचा असेल, कळणारही नाही.

यापुढे असं काही विचित्र दिसलं की आधी ह्युरिस्टिक शून्य करून बघायचं. मग तो निव्वळ डायक्स्ट्रा (अंदाज न बांधता शोधणारी पद्धत) होतो, संथ पण प्रामाणिक. वाट बदलली तर चोर ह्युरिस्टिकमध्ये. नाही बदलली तर खर्चात.

गिअरबॉक्स

३८५ आणि ३३० चं गणित आवडलं. वाचनखूण साठवली.

धुरळा

मान्य, पण माझा मुद्दा कायम. चौकोनांवर आठच दिशा मिळतात, वाट नागमोडी येते.

त्रिज्या

तेही मोजता येतं. आठ दिशांच्या ग्रिडवर वाईटात वाईट दिशेला, म्हणजे साडेबावीस अंशांना, वाट खऱ्या अंतरापेक्षा ८ टक्क्यांच्या आसपास लांब येते. त्याहून जास्त नाही. तेवढंही नको असेल तर फील्ड डी-स्टार आहे, तो चौकोनाच्या कडेवर मधल्या कुठल्याही बिंदूतून जाऊ देतो. आणि आरआरटी-स्टारचं म्हणाल तर 'जाता येतं की नाही' एवढाच प्रश्न असेल तिथे तो भारी. आडरानात प्रश्न 'कितपत जाता येतं' असा असतो. प्रत्येक चौकोनाचा दर निराळा असला की नमुने टाकून टाकून स्वस्त पट्टा सापडायला वेळ लागतो. अरुंद गाडीवाट तर हमखास निसटते.

शंकासुर

०.१ ने गुणलं. गेली हो गाडीवाटेने! एका ओळीसाठी आठवडा घातला, मला आता चेहरा लपवावासा वाटतोय.

पण आनंद अर्धाच दिवस टिकला. मुक्काम बदलून टेकाडापलीकडे दिला. उतार ३० अंशांपेक्षा जास्त असेल तर चौकोन बंद, असा आमचा नियम आहे. प्लॅनरने टेकाडाला बगल देऊन २५ अंशांच्या उतारावरून आडवी वाट काढली. वर ४० किलो सामान होतं. निम्म्यात गाडी कुशीवर कलंडली. लायडारची काच गेली. ३० ची मर्यादा असताना २५ वर का पडली?

लो_गिअर

मी प्रोग्रामर नाही. बरीच वर्षं चारही चाकांना जोर मिळणाऱ्या (फोर-व्हील ड्राइव्ह) गाड्या रानात हाकल्या, आता शिकवतो. लायडार मला टीव्हीवर बघून माहीत.

तुमच्या गाडीला कोणी सांगितलेलंच दिसत नाही की उतार दोन तऱ्हेचे असतात. नवीन पोराला पहिल्या दिवशी सांगतो: उतार छातीवर घ्यायचा, कुशीवर नाही. चढायचं तर सरळ, उतरायचं तर सरळ. समोरून २५ अंश म्हणजे लो गिअर टाकून आरामात. तोच २५ आडवा घेतला तर मी माणसं खाली उतरवतो. आडवं जाताना गाडी खाली सरकायला लागली तर स्टिअरिंग उताराच्या बाजूला वळवायचं, वर ओढायला गेलात की उलटलात. आणि चढावर दम संपला तर मधेच वळायचं नाही. रिव्हर्स टाकून आलो तसं सरळ मागे.

दुसरं असं, सामान फळीच्या वर ठेवलंत की पोटाशी?

शंकासुर

फळीच्या वर. :(

भिंगरी

काकांनी नेमकं बोट ठेवलं. त्याला आकडे लावते.

गाडीला आडवा किती कल झेपेल हे ढोबळमानाने असं निघतं: चाकांमधल्या अंतराचा अर्धा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची. तुमचा अर्धा भाग ४५ सेंटिमीटर. रिकाम्या गाडीचा गुरुत्वमध्य ४५ सेंटिमीटरवर असेल तर भागाकार १, कोन ४५ अंश. सामान वर ठेवल्यावर गुरुत्वमध्य ६० वर गेला असं धरू, तर भागाकार ०.७५, कोन ३७ अंश. तरी २५ पेक्षा बराच जास्त, नाही का?

आता वरच्या बाजूचं चाक १२ सेंटिमीटरच्या दगडावर चढवा आणि खालच्या बाजूचं १० सेंटिमीटरच्या खाचेत घाला. ९० सेंटिमीटरमध्ये २२ सेंटिमीटरचा फरक म्हणजे आणखी १४ अंश. २५ अधिक १४, झाले ३९. खेळ खलास. यात टायर दबतो, स्प्रिंग दबते, ते धरलेलंच नाही. तुमचा १ मीटरचा चौकोन सरासरी उतार सांगतो. दगड आणि खाच त्या सरासरीत विरघळून गेले.

दोन दुरुस्त्या सुचवते.

पहिली: चौकोनाला उताराचा एक आकडा ठेवू नका. पूर्वेकडे किती चढ आणि उत्तरेकडे किती चढ असे दोन ठेवा. गाडीच्या तोंडाच्या दिशेने त्याचा जो भाग येतो तो समोरचा चढ, काटकोनात येतो तो कुशीचा कल. दोघांना वेगळी मर्यादा, वेगळा खर्च. अर्थात मग 'गाडी कुठे आहे' एवढं पुरत नाही, 'तोंड कुठे आहे' तेही लागतं. नुसता ए-स्टार इथे अपुरा, हायब्रिड ए-स्टार घ्या. डार्पा ही अमेरिकी संरक्षण खात्याची संशोधन संस्था, तिच्या २००७ च्या अर्बन चॅलेंज या विनाचालक गाड्यांच्या शर्यतीत स्टॅनफर्डच्या 'ज्युनिअर' गाडीने तो वापरला होता. चौकोनाच्या मध्यावरून मध्यावर उडी न मारता तो स्टिअरिंगचे खरे कंस टाकत पुढे जातो, त्यामुळे निघालेली वाट गाडीला वळता येण्याजोगीच असते. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर १ मीटर आणि चाक ३० अंश वळत असेल तर तुमची सर्वांत लहान वळणत्रिज्या १.७ मीटर येते. नुसत्या ग्रिडवरचा ए-स्टार याची काडीची फिकीर करत नाही.

दुसरी: सरासरीऐवजी वाईटात वाईट धरा. मंगळावरची पर्सिव्हरन्स रोव्हर हेच करते. वाटेच्या प्रत्येक टप्प्यावर एकेक चाक ज्या चौकटीत पडू शकेल त्यातली सर्वांत उंच आणि सर्वांत खोल जागा ती घेते, त्यावरून गाडी जास्तीत जास्त किती कलू शकेल याची हद्द काढते आणि हद्दीबाहेरची वाट फेटाळते. नेमकं काय होईल याचं सिम्युलेशन करत बसत नाही. तिथला प्रोसेसर तुमच्या मोबाइलपेक्षा कितीतरी गरीब, त्यामुळे हा हिशोब स्वस्त असणं भागच होतं. तुमच्या नकाशात २०-२५ सेंटिमीटरचे चौकोन ठेवलेत तर तुम्हालाही जमेल.

धुरळा

मंगळावर तर म्हणे सगळं पृथ्वीवरून सांगतात ना? मग रोव्हर स्वतः काय ठरवते?

भिंगरी

आता बरंचसं स्वतःच. नुसते समोर आलेले दगड चुकवते असं नाही, वाटच स्वतः निवडते. उतरल्यानंतरच्या पहिल्या १७.७ किलोमीटरपैकी ८८ टक्के वाट तिने स्वतः पारखून पार केली. त्या काळात मध्ये माणसाने न तपासता सर्वांत लांब मारलेली मजल ६९९.९ मीटर होती. ०.१ मीटर कमी पडल्याने माझ्यासारख्यांची चिडचिड झाली ते सोडा.

गिअरबॉक्स

हे सगळं वाळवंटातल्या त्या शर्यतीत वीस वर्षांपूर्वीच झालं ना? स्टॅनली का कोण जिंकली ती? मग अजून आपण उतारावर आडवे का पडतोय?

आडवळण

या प्रश्नाला जरा लांब उत्तर देतो, कारण त्या शर्यतीबद्दल गैरसमजच जास्त आहेत.

१३ मार्च २००४, मोहावी वाळवंट, पहिलं डार्पा ग्रँड चॅलेंज. सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढची वाट, बक्षीस दहा लाख डॉलर. एकही गाडी पोचली नाही. सगळ्यांत पुढे गेलेली कार्नेगी मेलनची सँडस्टॉर्म १२ किलोमीटरही पुरे करू शकली नाही, एका वळणावर कडेला पोट टेकून बसली. ८ ऑक्टोबर २००५ ला दुसरी फेरी, २१२ किलोमीटर. पाच गाड्या पोचल्या. स्टॅनफर्डची स्टॅनली ६ तास ५४ मिनिटांत पहिली, सँडस्टॉर्म अकरा मिनिटांनी मागे. दीड वर्षात १२ वरून २१२. कौतुक आहेच.

पण वाट कोणी शोधली होती? आयोजकांनी! शर्यतीच्या दोन तास आधी प्रत्येक संघाला एक फाईल मिळे. त्यात हजारो बिंदूंची माळ, प्रत्येक तुकड्याला पट्ट्याची रुंदी आणि वेगाची मर्यादा. ओहोळ कुठून ओलांडायचा हा शंकासुरांचा प्रश्न तिथे आलाच नाही. प्रश्न होता तो पट्ट्यात टिकून राहण्याचा. स्टॅनली त्या माळेवरून एक गुळगुळीत रेघ काढायची आणि अडथळा आला की रेघेच्या जरा डावीकडे, जरा उजवीकडे अशा समांतर वाटांतून एक निवडायची. हे कमी लेखत नाही, काही ठिकाणी ताशी ६० किलोमीटरपर्यंत जाणाऱ्या वेगाला ते करणं सोपं नव्हतंच. पण कोऱ्या रानात वाट काढणं हे निराळं काम आहे.

स्टॅनलीकडून उचलण्यासारख्या दोन गोष्टी मात्र आहेत, आणि दोन्ही प्लॅनिंगच्या पुस्तकात सहज सापडत नाहीत. एक म्हणजे वेग. खडबडीत जागा दुरून ओळखत बसण्यापेक्षा गाडीला धक्का किती बसला ते ती मोजायची. धक्का मर्यादेपलीकडे गेला की वेग लगेच खाली, आणि मग हळूहळू वर. आपणही खड्ड्यांच्या रस्त्यावर तेच करतो. दुसरी म्हणजे नजर. लेझर जवळचंच बघायचा. त्याने 'ही जमीन चालण्यासारखी' असं ठरवलेल्या तुकड्याचा रंग कॅमेऱ्याला शिकवायचा आणि कॅमेऱ्याने तशाच रंगाची जमीन दूरवर शोधायची. दर क्षणी नव्याने शिकायचं, म्हणून ऊन-सावली बदलली तरी चालायचं.

शंकासुर

तो रंगवाला प्रकार आमच्याकडे करून बघितला. कोरड्या मातीवर छान. पण काल थोडा पाऊस झाला आणि तशाच तपकिरी रंगाच्या चिखलात गाडी रुतली. नकाशावर सपाट, कॅमेऱ्याला सपाट, लायडारला सपाट. इतकी आदर्श जागा की प्लॅनर आनंदाने घेऊन गेला.

ढेकूळ

अखेर माती आली! चार दिवस तुम्ही मंडळी आकारावरच बोलताय. जमिनीला आकार असतो तशी ताकदही असते, आणि ती फोटोत दिसत नाही.

ढोबळ दोन टोकं धरा. कोरडी वाळू घर्षणावर उभी असते: वजन वाढलं की पकड वाढते, पण चाकही खोल जातं. ओली चिकण माती चिकटपणावर उभी असते: वजन वाढवून पकड मिळत नाही, टेकणारं क्षेत्रफळ वाढवूनच मिळते. म्हणून टायरमधली हवा कमी केली की टेकणारा पट्टा लांबतो आणि गाडी निघते. कुठल्या दाबाला चाक किती खोल जाईल याचं गणित बेकर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर मांडलं, आणि चांद्रगाडीच्या कामातही ते होते. त्या गणिताला जमिनीचे गुणांक लागतात. ते मिळवायला जमिनीत दांडा खुपसून बघावा लागतो. प्लॅनरला ते कुठून मिळणार?

गाडीकडून. चाक ज्या हिशोबाने फिरलं त्याप्रमाणे १० मीटर जायला हवं होतं आणि गाडी ७ च मीटर सरकली, तर घसर ३० टक्के. चाकाचा एन्कोडर (फेऱ्या मोजणारा सेन्सर) एक आकडा देतो, कॅमेऱ्यावरून मोजलेली हालचाल दुसरा. फरक वाढायला लागला की थांबायचं. जोर लावायचा नाही! २००५ मध्ये ऑपर्च्युनिटी रोव्हर वाळूच्या एका लहानशा उंचवट्यात रुतली. बाहेर येईपर्यंत पाच आठवडे गेले. त्या काळात तिची चाकं १९२ मीटर जाण्याइतकी फिरली, रोव्हर हलली जेमतेम मीटरभर. २००९ मध्ये स्पिरिट वरचा कडक पापुद्रा फोडून खालच्या भुसभुशीत मातीत बसली, ती कायमचीच.

तुमच्यासाठी: घसर २० टक्क्यांवर गेली की वेग कमी, ४० वर गेली की थांबून आल्या चाकोरीने मागे. आणि त्या जागेचा, तसंच तशाच दिसणाऱ्या आसपासच्या जागेचा खर्च नकाशात वाढवायचा. हे आकडे माझे अंदाजाचे आहेत, तुमच्या टायरवर करून ठरवा.

लो_गिअर

ढेकूळ, तुमचा दांडा म्हणजे आमचे पाय. शंका आली की मी उतरून चालून येतो. बूट किती रुतला त्यावरून कळतं.

शंकासुर

काका, गाडीला पाय कुठून आणू. :)

ढेकूळ, नकाशात खर्च वाढवला की दरवेळी सगळी वाट पहिल्यापासून काढावी लागते, ते जड नाही का होणार?

त्रिज्या

त्यासाठीच डी-स्टार घराणं आहे. स्टेंट्झ यांचा मूळ डी-स्टार १९९४ चा, केनिग आणि लिखाचेव्ह यांचा डी-स्टार लाइट २००२ चा. मुक्कामाकडून उलटं शोधत येतात, आणि चार चौकोन बदलले तर तेवढ्यापुरताच हिशोब दुरुस्त करतात. पण तुमच्या आकाराच्या ग्रिडला सेकंदाला एकदा नव्याने ए-स्टार चालवला तरी जमेल. उगाच अवघड करू नका.

खरी काळजी दुसऱ्याच गोष्टीची करा: न दिसणारा खड्डा. तुमचा लायडार किती उंचीवर, किती किरणांचा?

शंकासुर

८० सेंटिमीटरवर. १६ किरणांचा, दोन किरणांत २ अंशांचं अंतर.

त्रिज्या

मग हे बघा. ६० सेंटिमीटर उंचीचा धोंडा १० मीटरवरून साडेतीन अंश व्यापतो, एखादा किरण लागणारच. ६० सेंटिमीटर रुंदीची चर त्याच अंतरावरून जमिनीतली जेमतेम पाव अंशाची फट असते. दोन किरणांच्या मधून निसटते. ५ मीटरवर एक अंश. दोन अंश व्हायला ती सव्वातीन मीटरवर यावी लागते. धोंड्याचा कोन अंतराच्या प्रमाणात घटतो, चरीचा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात.

म्हणजे तुमची खात्रीची नजर सव्वातीन मीटर. अर्धा सेकंद विचाराला, घर्षण ०.४ धरून ब्रेक, एवढ्यात थांबायचं तर वेग सेकंदाला ३.४ मीटर, ताशी १२ किलोमीटरच्या आसपास. त्यावर जाल तर चर दिसेल, पण आत पडताना. लायडार उंच लावला तर फरक पडतो, पण मग भिंगरी गुरुत्वमध्यावरून ओरडेल.

भिंगरी

ओरडेनच. :)

आणि उंच गवत विसरू नका. ड्रोनच्या फोटोंवरून काढलेला नकाशा गवताचा शेंडा दाखवतो, जमीन नाही. लायडारलाही गवत भिंतीसारखं दिसतं. तिथे किती किरण आरपार गेले आणि किती अडले याचं प्रमाण बघायचं. धोंड्यामागे काहीच दिसत नाही, गवतामागे थोडं थोडं दिसतं.

आडवळण

न दिसलेल्या जागेला काय खर्च द्यायचा, यावर कोणीच बोललं नाही. माझ्या मते सगळ्या धाग्यात अवघड तेच आहे. 'माहीत नाही म्हणजे मोकळं' धरलं तर गाडी धाडसी होते. 'माहीत नाही म्हणजे बंद' धरलं तर जागची हलत नाही.

मी सरासरीऐवजी शेपटीकडे, म्हणजे क्वचित येणाऱ्या वाईट निकालांकडे बघतो. समजा एका वाटेचा खर्च हमखास १००. दुसरीचा दहापैकी नऊ वेळा ३० आणि एकदा ४००. दुसरीची सरासरी ६७, म्हणून साधा प्लॅनर तीच घेणार. पण तो एक ४०० म्हणजे ओहोळात रुतणं असेल आणि काढायला कोणी नसेल, तर मी वाईटातल्या दहा टक्क्यांची सरासरी बघेन: १०० विरुद्ध ४००. सोबत माणसं आणि दोरखंड असेल तर ६७ वाली घेईन. तीच जमीन, तीच गाडी, वाट वेगळी. हे कोडमध्ये एकदा लिहून ठेवण्यासारखं नाही, दर खेपेला ठरवायचं.

धुरळा

जवळच्या हालचालींसाठी एमपीपीआय कोणी वापरलंय का? स्टिअरिंग आणि वेगाचे हजारो यादृच्छिक क्रम ग्राफिक्स कार्डावर एकदम चालवून बघायचे आणि चांगल्यांना जास्त वजन देऊन सरासरी काढायची. जॉर्जिया टेकवाल्यांनी छोट्या गाड्या कच्च्या मातीच्या ट्रॅकवर अशाच पळवल्या होत्या.

आडवळण

वापरलंय. घसरत्या जमिनीवर मस्त. दूरची वाट ग्रिडवर, जवळचे दहा-पंधरा मीटर याने, अशी जोडी जमते. फक्त समोर एकटं झाड आलं तर जपा. निम्मे क्रम डावीकडून, निम्मे उजवीकडून, सरासरी बरोब्बर झाडावर.

शंकासुर

तीन आठवड्यांनी परत आलो. उतार दोन भागांत केला, चौकोन २५ सेंटिमीटरचे केले, सामान फळीच्या खाली घेतलं, घसर मोजतोय, वेग ताशी १० वर बांधला. टेकाडावर आता सरळ चढते, माथ्यावरून सरळ उतरते. काकांच्या विद्यार्थ्यासारखी.

झाडाचं खरं निघालं. एमपीपीआय नसूनही गाडी झाडासमोर उभी राहून डावीकडे, उजवीकडे, डावीकडे... दोन्ही वाटा सारख्याच, प्रत्येक सेकंदाला निकाल बदलायचा. आता नियम केला की नवी वाट निदान १५ टक्के स्वस्त असेल तरच जुनी सोडायची. गप झाली.

एकच राहिलं. पावसानंतर ती सर्वांत स्वस्त गाडीवाटच घात करते. चाकोऱ्या खोल झाल्यात, चाकं आत बसली की मधला उंचवटा पोटाला घासतो. दोनदा लटकली.

लो_गिअर

चाकोरीत चाक घालायचंच कशाला? एक चाक मधल्या उंचवट्यावर, दुसरं बाहेरच्या कडेवर. चाकोरी दोन चाकांच्या मध्ये घ्यायची. मोठ्या गाड्यांच्या चाकोऱ्या तुमच्या गाडीच्या मापाच्या नाहीतच, आत बसवलीत तर एक बाजू कायम कलणार.

शंकासुर

म्हणजे वाटेच्या रुंदीत ०.१ कुठे आणि ४ कुठे, हे आता २५ सेंटिमीटरच्या चौकोनांत वेगळं लिहायला हवं. आणि पाऊस पडला की परत मोजायचं. उद्या सकाळी चाकोऱ्यांची खोली मोजायला जातोय. बूट घालून.